तीन शिट्ट्या

अजीजभाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते पोकलेनच्या जबड्यात लग्नपत्रिका घालत होते. जबडा म्हणजे पोकलेनला बकेटऐवजी लावलेली हायड्रॉलिक कात्री, छताची लोखंडी तुळई एका चाव्यात तोडणारी. जबडा अर्धवट मिटलेला, इंजिन बंद आणि चावी त्यांच्या खिशात. दोन पात्यांमधल्या फटीत ते पत्रिकेचा कोपरा सरकवून पाहत होते. पत्रिका अडली तर ठीक. सहज आत गेली तर पाती खोलून मागं पातळ पट्टी भरायची. फट वाढली की बारीक सळ्या तुटत नाहीत, दुमडून पात्यांत अडकतात.

पत्रिका त्यांच्या मुलीच्या लग्नातल्या उरलेल्या होत्या.

"चाचा, मशीनचं लगन कोनासंग लावून राहिले?" मजूर विचारत.

"तुयासंगच लावतो, ये. नवरी दात घासून तयार हाये."

मी शहरातल्या राजापेठेत राहणारा, पाडकामाच्या ठेकेदाराकडे सुपरवायझर. मोजल्याशिवाय माझं समाधान होत नाही. दुसऱ्या दिवशी मी फट मोजायचं गेज नेलं. पत्रिकेची जाडी भरली तीन दशांश मिलिमीटर. मशीनच्या पुस्तकातली मर्यादा जवळपास तेवढीच होती. त्यानंतर मी त्यांच्या पत्रिकेला कधी आडवा गेलो नाही.

त्या वर्षांत वऱ्हाडात बांधण्यापेक्षा पाडण्याची कामं जास्त मिळत. कापसाचं गणित बसेना, तशा सूतगिरण्या आणि जिनिंग एकेक करून बंद पडत होत्या आणि त्यांचं लोखंड भंगारात निघत होतं. अजीजभाईंचं स्वतःचं मूर्तिजापूरकडे चार एकर कोरडवाहू होतं, ते धाकटा भाऊ कसायचा. सलग तीन हंगाम त्या वावरानं घरात काही आणलं नव्हतं. दोन्ही भावांची मिळून अकरा माणसं पोकलेनच्या त्या एका खुर्चीवर जगत होती.

तरी त्यांना घाई म्हणून माहीत नव्हती. तुळई ते एकदम कधी तोडत नसत. अर्धी चावायची, थांबायचं, कुठून गंज झडतो ते पाहायचं, मग उरलेली. मालकानं एकदा विचारलं, "इतका वेळ का लागतो?" अजीजभाई म्हणाले, "लोखंड तीस-चाळीस वर्सांपासून ताणून उभं हाये, सेठ. सुटल्यावर कोनीकडं जाईन, ते पाहू तर द्या."

दुसरा नियम शिट्टीचा होता. कामाच्या जागेभोवती मी टेपनं मोजून वीस मीटरवर दोरी बांधायचो. दोरीच्या आत कोणी आलं की मी शिट्टी वाजवायची आणि त्यांनी लिव्हर सोडून दोन्ही हात काचेतून दिसतील असे वर करायचे. सात वर्षांत ते हात वर यायला कधी उशीर झाला नव्हता.

शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी फोन डाव्या कानावरून उजव्या कानाला लावायला सुरुवात केली. चहावाल्या पोराला एकच गोष्ट दोनदा विचारू लागले. मी हे पाहत होतो. बोल्टसुद्धा मोजून घेणाऱ्या मी याची मात्र कुठं नोंद केली नाही, कारण नोंद केली असती तर पुढं काहीतरी करावं लागलं असतं.

अकोल्याजवळच्या एका बंद सूतगिरणीचं छत उतरवत होतो. दुपारची वेळ. अजीजभाईंच्या जबड्यात तोडलेल्या तुळईचा चारेक मीटरचा तुकडा होता. धुळीवर पाणी मारणाऱ्या कांताबाईंचा पाइप कुठं तरी अडकला, म्हणून त्या दोरीखालून आत शिरल्या. मी शिट्टी वाजवली. हात वर आले नाहीत. पुन्हा वाजवली. तुळई फिरतच होती. तिसऱ्यांदा वाजवत मी धावत सुटलो, तोवर तुळई कांताबाईंच्या डोक्यावरून गेली. त्या मटकन खाली बसल्या म्हणून वाचल्या. अजीजभाईंना काचेतून त्यांची पिवळी टोपी दिसली तेव्हा कुठं मशीन थांबलं.

कांताबाई उठल्या त्या ओरडतच. "कानात कापूस घातला काय, अजीजभाई? मारत होते ना मले!"

अजीजभाई खाली उतरले. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "भाऊ, शिटी वाजवली होती तुमी?"

"हो."

"कितीक येळा?"

खोटं सांगावंसं वाटलं. "तीन वेळा," मी म्हणालो.

ते विटांच्या ढिगावर बसले. मी कामाचं रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, "इंजिनच्या आवाजामुळे ऑपरेटरला शिट्टी ऐकू गेली नाही."

"काय लिवलं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"मशीन सात वर्सांपासून हाच आवाज करून राहिली. तिच्यावर काहून ढकलता?"

"अजीजभाई, खरं लिहिलं आणि मालकानं वाचलं तर उद्या तुम्हाला खुर्चीवर बसू देणार नाही. तुमच्या मागं घर आहे."

"कांताबाईले घर नाई काय?"

मी त्या वाक्यावर एक आडवी रेघ मारून बाजूला सही केली. खाली लिहिलं, "ऑपरेटर अजीज यांना कानाने कमी ऐकू येते. तीन वेळा वाजवलेली शिट्टी त्यांना ऐकू आली नाही."

"आता वाचून दाखवा."

भोवती मजूर जमले होते. मी हळू आवाजात वाचलं. अजीजभाई माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"मोठ्यानं वाचा, भाऊ."

मी पुन्हा वाचलं.

"आनखीन मोठ्यानं."

मग मी त्या उघड्या पडलेल्या गिरणीत उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून ते वाचलं. कांताबाईंनी खांद्यावरचा पदर पुढं ओढून तोंडाला लावला. अजीजभाईंनी मान हलवली. "हां, आता बराबर हाये," म्हणाले. त्यांनी सही केली, खिशातून चावी काढली आणि रजिस्टरवर ठेवली.