साझ्याची गाडी

आमच्या ऑफिसात ज्याचं काम सारखं बिघडतं तो वर चढतो. रुजू होताना हे कोणी कानात सांगितलं असतं, तर मीही थोडंफार बिघडवून ठेवलं असतं.

ऑफिस म्हणजे यवतमाळात एका दवाखान्याच्या वरचा मजला. आम्ही जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांसाठी, सॉफ्टवेअर करतो. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन आपोआप कॉम्प्युटरात येतं आणि शेतकऱ्याच्या हातात पावती पडते. काट्याचा हा भाग माझा. पुढचा सगळा, म्हणजे रुईच्या गाठींची नोंद आणि मालकाच्या मोबाइलवर जाणारे आकडे, माझ्यानंतर लागलेल्या एका सहकाऱ्याचा.

त्याचा भाग सीझनभर बंद पडायचा. दिग्रसच्या जिनिंगमधून फोन आला की हा मोटरसायकल काढायचा. तिथे मालक फाटकातच उभा. चहा, पोहे, 'साहेब आले, साहेब आले'. हा काहीतरी खटपट करायचा, गाडं चालू व्हायचं, आणि संध्याकाळी मालक आमच्या सरांना फोन करून त्याची तारीफ करायचा. मुळात ते बंद का पडतं, हे कोणी विचारलं नाही. माझा काटा कधी बंद पडला नाही, म्हणून तो सांभाळणारं कोणी आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. पंखा फिरत असताना वायरमनची आठवण कोणाला येते?

माणूस वाईट असता तर बरं झालं असतं, मला मोकळेपणी चिडता आलं असतं. पण तो परतताना आठवणीने माझ्यासाठी कचोरी आणायचा. पोचेपर्यंत ती थंडगार झालेली असायची, आणि मी ती खायचे.

काटा बंद न पडण्यामागे माझं डोकं होतं, नशीब नव्हे. माझं गाव दिग्रसजवळ. बाबांचा कापूस असतो, पण एका घराच्या वेच्याने मेटॅडोर भरत नाही. म्हणून आमच्या गल्लीतली तीन घरं मिळून साझ्यात गाडी करतात. एकाचा कापूस, मग आडवी बांधलेली जुनी साडी, मग दुसऱ्याचा, परत साडी, मग तिसऱ्याचा. काट्यावर भरल्या गाडीचं वजन होतं. एकाचा माल उतरला की गाडी पुन्हा काट्यावर, दुसऱ्याचा उतरला की पुन्हा. लहानपणी त्या कापसावर बसून मी जिनिंगला गेलेली आहे. त्यामुळे गाडीने काट्यावर किती वेळा चढायचं हे मी ठरवलंच नव्हतं. चढेल तितक्यांदा चढो. प्रत्येक वेळी वजन घ्यायचं आणि आता कोणाचा माल उतरला ते विचारायचं, बस्स. चांगली रचना म्हणजे माझ्या लेखी एवढंच. माणसं जशी वागतात तशी त्यांना वागू द्यायचं, आपल्या सोयीसाठी त्यांना वाकवायचं नाही.

मग टीम लीडची जागा निघाली. मला ती हवी होती. उगाच लाजून कशाला सांगू, मनापासून हवी होती. कोणती गोष्ट कशी बांधायची हे लीड ठरवतो, आणि ते मला त्या मजल्यावरच्या कोणाहीपेक्षा बरं कळत होतं.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुमचं काम एक नंबर आहे. पन ते कोनाले दिसत नाही ना. जिनिंगवाले तं एकच नाव घेऊन राह्यले."

"सर, मला कधी जिनिंगवर पाठवलंच नाही तुम्ही."

"तिथं लेडीजले कसं पाठवू? बरं दिसते का ते?"

त्याच जिनिंगमध्ये दिवसभर कापसातला कचरा वेचत बसतात त्या सगळ्या बायकाच. त्या बहुधा लेडीज नसाव्यात. मी मात्र सरांना काट्याबद्दल सांगत राहिले, तो का बंद पडत नाही ते. सर मान हलवत होते. त्यांची ती सवय आहे. समोरच्याचं ऐकणं थांबवलं की ते मान हलवायला लागतात. शेवटी म्हणाले, "लीडरशिप म्हनजे लोकाइच्या समोर उभं राहनं असते, मॅडम."

लीड तो झाला. मी पेढा खाल्ला, अभिनंदन केलं, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

नव्या लीडने पहिल्याच मीटिंगमध्ये काटा नव्याने करायचा ठरवला. एक गाडी, दोन वजनं, एक भरलेलं आणि एक रिकामं. एकदम सुटसुटीत. मी साझ्याच्या गाड्यांचं सांगितलं. तो हसून म्हणाला, "मॅडम, अशा गाड्या येऊन येऊन किती येतीन?" सरांनी मान हलवली. मी घसा कोरडा होईपर्यंत बोलले. नंतर निमूटपणे एकच केलं, जुना काटा जिनिंगच्या कॉम्प्युटरात शाबूत ठेवला. नवीन काही बसवताना परतीची वाट ठेवायची, ही माझी खोड आहे.

सीझनच्या पहिल्या दिवशी जिनिंगमध्ये काटापूजन असतं. काट्यावर नारळ फुटतो, पहिल्या गाडीला हार घालतात, तिच्या शेतकऱ्याला शाल देतात. त्या वर्षी दिग्रसच्या मालकाने आमच्या लीडलाही शाल दिली. मी यवतमाळात खुर्चीवर होते. दुपारी त्याचा फोन आला. मागे हॉर्न आणि आरडाओरडा.

"मॅडम, दुसऱ्या वजनालेच गाडी रिकामी समजून राह्यलं. एकाच्याच कापसाची पावती निघाली, बाकी दोघाइचा माल गाडीतच हाये. आता गाडी घेतच नाही. जुनं कुठी ठेवलं तुमी?"

'येऊन येऊन किती आल्या?' असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण रांगेत माणसं उन्हात ताटकळत होती. मी सांगत गेले, तो दाबत गेला, जुना काटा चालू झाला. "वाचवलं मॅडम," म्हणाला आणि फोन ठेवला. संध्याकाळी ऑफिसच्या ग्रुपवर सरांनी फोटो टाकला. काट्याजवळ शाल घेतलेला लीड, आणि खाली 'असा पाहिजे लीड'. अंगठ्यांचा पाऊस पडला. एक अंगठा त्याने स्वतःही दिला.

शनिवारी गावी गेले. बाबा ओट्यावर बसले होते, खुशीत. अडकलेली ती गाडी आमच्याच गल्लीची होती, हे मला तेव्हा कळलं.

"लाइन आटकली होती," बाबा सांगू लागले. "लोकं चिल्लावून राह्यले होते. मंग तो पोरगा उठला, अंगावरची शाल बाजूले ठेवली अन् घुसला काट्याच्या खोलीत. पाच मिन्टात चालू! याले म्हनतात मानूस. तुमच्याच हापिसातला होय म्हने. त्याच्यापासून शिकून घे काही."

"बाबा, त्यानं काही नाही केलं. जुनाच काटा परत लावला. तो मी बनवला होता."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. लेकीचा काटा. क्षणभर वाटलं, आता त्यांच्या लक्षात आलं.

"काटा तुया होता?"

"हो."

"मंग बंद काहून पडला तो?"

मी समजावायला लागले. बंद पडला तो नवा, चालला तो जुना. साझ्याची गाडी, मधल्या साड्या, एकेकाचं वजन. हे सगळं मी त्यांच्याच शेजारी कापसावर बसून शिकले होते. बाबा ऐकत होते. थोड्या वेळाने ते मान हलवायला लागले.