निळ्या शर्टवाल्याचं काय झालं?

अख्ख्या खानदेशात मारामारीचा सिनेमा नीट बघता येणारा माणूस एकच आहे, आणि तो माझ्या धाकट्या भावाचा सासरा आहे. आपण सगळे हीरोकडे बघत बसतो, आबा पडलेल्यांकडे बघतात. मूळचे धुळ्याकडचे, पण भुसावळला रेल्वेच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर ड्रेसरचं काम केलं, म्हणजे जखमा धुतल्या आणि पट्ट्या बांधल्या. निवृत्त झाल्यावर माणसं हरिपाठाला लागतात. आबा सिनेमाला लागले, आणि त्यातही जितकी कापाकापी जास्त तितका सिनेमा त्यांच्या पसंतीचा. मांडीवर पिशवी, पिशवीत पट्टीचा गुंडाळा, आणि पडद्यावर कुणी कोसळलं की अंधारात खणखणीत आवाजात निदान. पोटात तलवार घेऊन कुणी लांबलचक भाषण करू लागला की आबा मान हलवायचे. "इतलं रगत गयं तं मानूस बोलत नई, भाऊ. पानी मांगस." मागचे लोक आधी श्श श्श करायचे. पुढेपुढे तेच वाकून विचारू लागले, "आबा, हा वाचेल का?"

तो गुंडाळा काही शोभेचा नव्हता. माझ्या भावाच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांत आचाऱ्याचं बोट कापल्याची बातमी आली आणि मुलीचा हा बाप अंतरपाटाजवळून तडक चुलाण्याकडे गेला. भटजींनी एकच मंगलाष्टक तीनदा म्हटलं, हार धरून भावाचे हात भरून आले. आबा हात पुसत परतले आणि आमच्या वडिलांना शांतपणे म्हणाले, "मुहूर्त थांबस. रगत थांबत नई." त्या क्षणापासून मी या माणसावर लट्टू आहे.

तरी मी त्यांना दुखावलं. मी जळगावात कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे मला कशातही अर्थ सापडतो. गेल्या वर्षी आमच्या फिल्म क्लबात एक रक्तबंबाळ सिनेमा दाखवून त्यावर माझं भाषण ठेवलं होतं. आबा कौतुकानं पहिल्या रांगेत. ही हिंसा म्हणजे समाजाच्या दबलेल्या संतापाचं प्रतीक आहे, वगैरे बोलून मी टाळ्यांसाठी थांबलो, तर सिनेमात जिन्यावर पडून राहिलेल्या एका किरकोळ गुंडासाठी आबा उभे राहिले. "भाऊ, जिनावरना त्या निया शर्टवालाचं काय जायं? त्याले कोन्ही पानी दिधं का?" सगळे हसले आणि माझा तोल गेला. म्हणालो, "आबा, हा सिनेमा आहे, तुमची ड्रेसिंग रूम नव्हे. तुम्हाला यातलं कळत नाही." ते "बरं" म्हणून खाली बसले.

त्यानंतर आबांनी सिनेमा सोडला. दोन महिन्यांनी भावजय म्हणाली, "त्यांची पिशवी खुंटीलाच आहे, दादा." दुसऱ्या दिवशी भुसावळ गाठलं, माफी मागितली आणि राहवलं नाही म्हणून विचारलंच, हे सगळं इतकं खोटं वाटतं तर बघता कशाला? आबांनी चहा बशीत ओतला.

"हीरो मन्हाकडे कधी उना नई, भाऊ. बठ्ठा निया शर्टवालाच उनात. त्यासले कोन इचारस?"

जन्मभर त्यांच्याकडे आले ते सगळे निळे शर्टवालेच, हीरो एकही नाही. माझं तासाभराचं भाषण मला फार पोरकट वाटलं. खुंटीवरची पिशवी मीच काढली आणि संध्याकाळच्या खेळाला आम्ही बरोबर गेलो.

आता नजर अधू झाल्यानं आबांना पडदा दिसत नाही. सिनेमा मी बघतो आणि फोनवर त्यांना सांगतो. मी अर्थाकडे वळलो की ते मला अडवतात. "तो दरवाजाजवळ पडना, त्यानं काय जायं?" दिग्दर्शक त्याला तिथेच टाकून पुढे गेलेला असतो. मी सांगतो, "सात टाके पडले, आबा. घरी गेला."

"पायी?"

"नाही, आबा. रिक्षानं. भाऊ आला होता न्यायला."