मागच्या खोलीतला भाडेकरू

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी कोल्हापुरात, पेठेतल्या एका ओळीतलं तिसरं घर विकत घेतलं. भिंतीला भिंत लागलेली सहा घरं, ओल आलेली आणि तोंडानं फार मोठी. आमच्या ओळीत ऐरागैरा कुणी राहिला नाही, हे तिथं पहिल्या दिवशीच ऐकवतात.

घर घेतलं ते वडिलांच्या हट्टानं. शिकायला आले तेव्हा ते इथंच मागच्या खोलीत भाड्यानं राहिले होते. आम्ही बौद्ध. आडनावावरून जात कळेना, म्हणून मालकानं कुलदैवत विचारलं आणि खोलीपायी वडिलांनी जोतिबा सांगितलं. पुढं चार महिन्यांत त्यांना हाकललं. पुस्तकांची पेटी आतच राहिली, परीक्षा बुडाली आणि शिक्षणही तिथंच संपलं. आपल्याला कुणी ओळखलं आणि पेटीचं काय झालं, एवढं मरायच्या आधी कळावं अशी त्यांची इच्छा होती.

खरेदीखतात नुसती मालकांची नावं. भाडेकरूंची कुंडली शेजारच्या काकांकडं. सत्तरीचे गृहस्थ, उभा जन्म दुसऱ्यांच्या दारात डोकावण्यात घालवलेला. असल्या माणसाला खोदून विचारावं लागत नाही, चहा ठेवला की पुरतो.

आमच्याकडं चहाला बसल्या बसल्या त्यांनी यादी सुरू केली: गुळाचा व्यापारी, मग एक कंपाउंडर, मग एक नर्सबाई. तिच्याकडं कोण कधी यायचं हेही त्यांना पाठ होतं. वडील कोपऱ्यात बसून होते. मी विचारलं, "आणि मागच्या खोलीत?"

"एक शिकणारं पोरगं हुतं. जोतिबा आमचा द्येव म्हनला. आन माघात समदी गल्ली दर रविवारी डोंगरावर खेटं घालाय चालत जायाची, तर ह्यो घरात वाचत बसायचा. मीच मालकाला म्हनलं, हितं पाणी मुरतंय. गावाकडं चौकशी केली, तवा समजलं."

सांगताना छाती अशी फुगली होती, जणू चोर पकडला होता.

"आणि त्याची पेटी?"

"बंबात घातली की. निस्ती बुकं. आठ दिस कडक पाणी मिळालं आंघोळीला."

मला त्या माणसाची किळस आली. वडील मात्र शांतपणे म्हणाले, "तो पोरगा मीच."

काकांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी न्हवतो त्यात, पावणं. मालकाचं काम त्ये." एवढी मर्दुमकी एका वाक्यात विरघळली.

"चहा घ्या," वडील म्हणाले. "अर्धा राहिलाय."

काकांनी कपाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, आणि औषध घ्यावं तसा तो संपवला. घरी पोचल्या पोचल्या अंगणात खळखळून चुळा भरल्या. आम्हाला स्पष्ट ऐकू आल्या.

मी म्हटलं, "बाबा, विकून टाकू हे घर."

"आपण कशाला?" वडील म्हणाले. "जायचं असलं तर त्यानं जावं की."