माझं गजकर्ण मळ ठरलं

"ही रोज आंघोळ करते का?"

डॉक्टरांनी हे मला विचारलं नाही. बाईंना विचारलं. माझा हात त्यांनी पेनाच्या टोकानं वळवून पाहिला.

जव्हारची शाळा. मी सातवीत. दाभोश्याच्या आदिवासी पाड्यावरून येऊन वसतिगृहात राहत होते. बाकावर शेजारी नेहा, किराणा दुकानदाराची मुलगी, गोरीपान. शाळेच्या आरोग्य तपासणीत तिचा नंबर माझ्याआधी होता. तिच्या दंडावर लालबुंद कडं उठलं होतं. डॉक्टर लगेच म्हणाले, "गजकर्ण आहे, बेटा. मलम लाव, बरं होईल."

माझ्या दंडावरही तेच कडं. तीच खाज. पण माझ्या काळ्या कातडीवर ते लाल दिसत नव्हतं. राखाडी दिसत होतं.

"मळ आहे. घासून धुवा."

बाईंनी मला नळावर नेलं. वर्गासमोर दगडानं घासलं. साल निघाली. कडं राहिलं. पोरी नाक धरून हसल्या.

डॉक्टरांचा राग नंतर आला. आधी नेहाचा हेवा वाटला. तिच्या घराचा नाही, कपड्यांचा नाही. तिच्या रोगाचा. तिचा रोग डॉक्टरांना ओळखता आला होता.

दुसऱ्या दिवशी तिनं मलमाची ट्यूब पुढे केली. "अर्धी तू घे." मी घेतली नाही. तिचा दंड नितळ झाला. माझं गजकर्ण पाठभर पसरलं. तरी मी मनात तिलाच शिव्या देत होते.

आज मी डॉक्टर आहे, शहरात त्वचारोगाचं पुढचं शिक्षण घेते. गेल्या महिन्यात मोखाड्याला आमचं शिबिर होतं. पाड्यावरची एक म्हातारी आली. नव्या डॉक्टरनं तिचा हात लांबूनच पाहिला आणि लिहिलं, 'अस्वच्छता'.

ती माझ्याकडे वळली. "बाय, घासून घासून जीव गेला. जात नाय."

मी तिचा हात उजेडात धरला. बोटांनी चाचपला. कड उचललेली, वर खवले. गजकर्णच.

"मॅडम, पुस्तकात लाल असतं," नवा डॉक्टर म्हणाला.

आमचे सर म्हणाले, "दुरुस्त करा आणि पुढचा पेशंट घ्या. रांग मोठी आहे."

"रांग थांबेल, सर." मी म्हातारीला विचारलं, "आजी, यांना दाखवू?"

"दाव."

मग शिबिरातल्या एकेका डॉक्टरला मी तिच्या कातडीला हात लावायला लावला. सरांनाही. त्यांनी माझ्याबद्दलच्या शेऱ्यात 'उद्धट' लिहिलं.

हेवा गेलेला नाही. पुस्तकातल्या प्रत्येक गोऱ्या पाठीचा मला आजही हेवा वाटतो. म्हणून आता आमच्या माणसांचे फोटो मी काढते, त्यांना विचारून. माझ्या हाताखालचा डॉक्टर आधी ते पाहून शिकेल. काळ्या कातडीला बोट न लावता त्यानं कागदावर काही लिहिलं, तर तो कागद मी फाडेन.