भागवत आणि आरतीची झोप

भागवतइतका मुखदुर्बळ माणूस मी पाहिला नाही. काहीही विचारा, आधी बैलाच्या पाठीवरून हात फिरवणार, मग उत्तर देणार, तेही बैलाकडे बघत. मी कोपरगावजवळच्या एका गावात आशाताई आहे. दर हंगामात पाथर्डीकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या शिवारात येऊन कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, घालतात, आणि त्यांच्यातल्या गरोदर बायांची काळजी माझ्याकडे येते.

यंदा त्यात भागवतची बायको आरती होती. पहिलटकरीण, आठवा सरलेला, आणि झोपेचं खोबरं झालेलं. पाठीवर पडली की दम लागायचा, कुशीवर वळली की छातीत जळजळ. जरा डोळा लागला की लघवीला उठायचं, आणि सासूला, लंकाबाईला, सोबत घेऊन उसाच्या कडेपर्यंत जायचं. असे आठ दिवस गेल्यावर ती तोडणी करताना उभ्या उभ्या पेंगली आणि कोयता नडगीला लागला. थोडक्यात निभावलं. कोपरगावच्या दवाखान्यात पट्टी बांधून डॉक्टर म्हणाले, बाळ ठीक आहे, पण आईला झोप पाहिजे. काम बंद करा.

काम बंद झालं, झोप काही आली नाही. आरती घास चिवडत बसायची. उठली की भोवळ यायची. मला तिच्या बाळंतपणाची धास्ती वाटायला लागली, कारण कळा सोसायला अंगात जीव लागतो.

अशात एका सकाळी कोपरगावच्या रस्त्यावर भागवतची बैलांची टायरगाडी समोर आली. कारखान्यावर ऊस खाली करून तो परतत होता आणि रिकाम्या गाडीत आरती आडवी पडलेली. रस्त्याला हे एवढाले खड्डे. माझं डोकंच फिरलं.

"अक्कल गहाण ठेवलीस का?" मी भर रस्त्यात त्याला झाडलं. "भरल्या दिवसांची बाई, आणि हे धक्के? परत हिला गाडीत घातलंस तर माझ्याशी गाठ आहे."

त्याने बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. "बरं ताई," म्हणाला. माझ्या आवाजाने आरती उठून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, घाबरली. मी पुढे निघून गेले.

तीन दिवसांनी दुपारी मी कोप्यांवर गेले. बैल बाभळीखाली बांधलेले, निवांत उसाचं वाढं खात होते. आणि गाडी मात्र चालत होती. भागवत स्वतः जू छातीशी धरून ती ओढत होता, मागून लंकाबाई रेटत होती. मी तावातावाने जवळ गेले आणि पाय आपोआप थबकले. कोप्यांपुढची जमीन गोलात सपाट केली होती. खड्डे मातीने बुजवून, पाणी मारून, धुमसाने ठोकलेले. गाडीत गोधडीवर आरती डाव्या कुशीवर झोपली होती, तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारखी.

"हे काय चाललंय?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"तिला चालत्या गाडीतच झोप लागती," लंकाबाई म्हणाली. "तुमी रस्त्यात भेटला त्या दिशी पट्टी बदलून येताना लागली, तवा कळलं. गाडी थांबली की उठती."

हाताशी बैल नव्हता, म्हणून भागवतने माझ्याकडे बघितलं. "रस्त्याला धक्के बसत्यात म्हनल्या तुमी. मग जागा सपाट केली."

"आणि बैल?"

"वळताना हिसका देत्यात."

लंकाबाई कुजबुजली, "रातभर कारखान्यावर ऊस खाली करायच्या नंबरात हुता. अजून पाठ टेकली न्हाई त्यानं."

मला माझीच लाज वाटली. इतके दिवस मी तिला गोळ्या खाल्ल्या का, पाय सुजले का, सगळं विचारत होते. रस्त्यात मात्र एवढंही विचारलं नव्हतं, की बाई, तू इथे का झोपली आहेस.

मी पिशवी खाली ठेवली, वाजतील म्हणून चपला काढल्या आणि जुवाला दुसऱ्या बाजूने हात घातला. गाडी वाटली होती त्याहून जड निघाली. अर्धा फेरा झाल्यावर मला राहवेना.

"भागवत, चुकलं माझं."

त्याने मागे वळून आरतीकडे बघितलं.

"हळू बोला ताई," तो म्हणाला. "उठंल ती."