दस्त्यावरच्या दोन खाचा

खंडेनवमी, सकाळी दहा. हजर — क्लासचे संचालक सर, दोन शिक्षक, वॉचमन गणपतमामा आणि मी, ऑफिस सांभाळणारी. पूजेला मांडलेल्या वस्तूंची यादी माझ्याच अक्षरात आहे. तिच्यातल्या एका वस्तूबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरीसुद्धा नाही.

निजामाच्या काळी खजिन्याच्या पहारेकऱ्याकडे असायची तशी आखूड बंदूक सरांना आमच्या लातूरच्या क्लासच्या स्वागतकक्षात हवी होती. शोभेची. नांदेडच्या तलवारींच्या दुकानातून मीच ती आणली. कोरी, नळी आतून बंद. दस्ता गुळगुळीत — मी हात फिरवून पाहिला होता. माल तपासल्याशिवाय मी सही करत नाही.

गणपतमामा लातूरच्या भूकंपातून वाचलेले. त्यांचे वडील खजिन्यावर शिपाई. निजाम गेल्यावर त्यांनी आपली बंदूक घराच्या दगडी भिंतीत चिणून ठेवली. भूकंपात तीच भिंत वडिलांवर पडली. ना वडील सापडले, ना बंदूक. म्हणून मामा दरवर्षी आठ दिवस रजा टाकून जुन्या गावठाणात खणायला जायचे — नेमके आमच्या चाचणी परीक्षांच्या वेळी. फाटकावर पोरांची झुंबड आणि वॉचमन नाही. एवढं थांबवायला माणूस काय करतो?

बंदूक आणली त्याच दिवशी मामा रजेचा अर्ज घेऊन आले आणि उघड्या खोक्याजवळ थांबले. मग म्हणाले, "ताई, ही कुठं घावली?"

दुकानात — एवढंच तर सांगायचं होतं. मी म्हटलं, "तुमच्याच जुन्या गावात, मामा. खोदकामात."

"दस्त्यावर दोन खाचा हायत? आम्हा दोघा भावांच्या. बापानं पाडलेल्या."

"आहेत."

"अन् बाप?"

शेजारी हाडं होती, त्यांना रीतसर अग्नी दिला — हेही सांगितलं मी. फीच्या पावतीबद्दल सांगते, त्याच आवाजात.

मामांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "आता शिवत न्हाई ताई. सुतक लागलं मला." दुसऱ्या दिवशी डोकं भादरून फाटकावर उभे. अर्ज माझ्या टेबलावर तसाच.

बंदूक मी काचेच्या कपाटात ठेवली. किल्ली माझ्या पर्समध्ये. पंधरा दिवसांनी, खंडेनवमीला, माझ्याच हातांनी ती बाहेर काढली — आणि अंगठा अडकला. दोन खाचा. कडा झिजलेल्या, आत वर्षानुवर्षांच्या हातांचा काळा मळ. मामांनी न बघता, सवयीनं लावावं तसं, दोन्हींवर कुंकू लावलं. त्यांनी कोरल्या म्हणावं, तर कपाट उघडलं कुणी?

मामा पुन्हा कधी खणायला गेले नाहीत. मला तेच हवं होतं ना? त्या दिवशी फक्त म्हणाले, "निघाली ती जागा एकदा दाखवा ताई. नारळ ठेवून येतो."

मी हो म्हटलं.

मामा अजून फाटकावर आहेत. मी दर महिन्याला कामांची यादी नव्यानं करते, झालेल्यांवर रेघ मारते. पहिलं काम तेवढं तसंच नव्या पानावर उतरतं — मामांना जागा दाखवणे.