शनी काही थांबला नाही

मंडळी, आज संध्याकाळी डोकं पार फिरलंय, म्हणून लिहितोय.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गच्चीवर बाबांना शनीची कडी दाखवायची होती. त्यांचं वय ऐंशी, उद्या सकाळी गावी परतणार. दुखऱ्या गुडघ्यांनी जिने चढले आणि शनिदेव म्हणून दुर्बिणीपुढे चपलाही काढल्या.

ग्रह आकाशात सरकतो, तशी दुर्बीण फिरवायला खाली मोटर असते. चार दिवस ती मध्येच अडकत होती. मी बॅटरी बदलली, वायर बदलली, सगळं सेटिंग पुन्हा केलं. आजही तेच! मी शनी बरोबर मध्यभागी आणायचो, बाबा वाकून डोळा लावेपर्यंत तो निसटायचा.

"खंय गेलो रे तुझो शनी? माका काय दिसणा नाय."

तिसऱ्या वेळी ते हसले. "रवांदे. देवळात दिसता तो पुरे." आणि खाली गेले.

मी चिडून गिअरचं झाकण उघडलं. दात्यांच्या ग्रीसमध्ये कुंकू लागलेला तांदळाचा दाणा! खंडेनवमीला बाबांनी दुर्बिणीची पूजा करून मूठभर अक्षता वाहिल्या होत्या. यंत्राच्या आतही कुंकू लागावं म्हणून झाकण मीच उघडं ठेवलं होतं.

दाणा काढताच मोटर सुरळीत चालली. तोवर ढग आले होते.

घरी बाबांनी विचारलं, "काय बिघडला हुता?"

"मोटर जुनी झाली," मी म्हटलं. त्यांच्याशी खोटं बोललो.

दाणा अजून खिशात आहे, टाकवत नाही. तुम्ही सांगितलं असतं का?